साठ हजार साठवलेत, पाच तारांचा बास घेऊ की मोठा ॲम्प?

पत्र: काका, मी सांगलीजवळच्या एका गावात राहतो, वय 28. दिवसा पतसंस्थेत क्लार्क, शनिवार-रविवार एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. गणपती, नवरात्र, हळदी, पुढाऱ्यांचे वाढदिवस धरून वर्षाला चाळीसेक प्रोग्राम होतात. जुना चार तारांचा पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी नसलेला बास आहे, घरी सरावाला 15 वॅटचा छोटा ॲम्प. स्टेजवर बहुतेक वेळा मंडपवाल्याची वायर सरळ मिक्सरला जाते. दर वेळी हम, म्हणजे घूंऽऽ असा आवाज, येतो. मला माझा बास ऐकू येत नाही आणि साउंडवाला मात्र ‘बास कमी कर’ म्हणून ओरडतो. चार तास उभं राहून डावा खांदा भरून येतो. साठ हजार साठवलेत. पाच तारांचा बास घेऊ की 300 वॅटचा ॲम्प? ऑर्केस्ट्रातले म्हणतात दोन्ही घे, उरलेले हप्त्यानं फेड. बायको म्हणते, तुमचा बास लोकांना ऐकूही येत नाही, मग एवढं कशासाठी?
एक बासवाला

उत्तर:

दोन्ही घेऊ नकोस. निदान या गणपतीआधी तरी नको, आणि हप्त्यानं तर मुळीच नको. प्रोग्रामचं पाकीट कधी येईल याचा भरवसा नसलेल्या माणसानं पाच तारखेचा हप्ता गळ्यात बांधून घेऊ नये. तू पतसंस्थेत बसतोस, हे मी तुला काय सांगू!

तुझं पत्र वाचताना एका वाक्यावर थांबलो. ‘मंडपवाल्याची वायर सरळ मिक्सरला जाते.’ हे तू सहज लिहून पुढे गेलास, पण तुझं अर्धं दुखणं तिथंच आहे. मिक्सर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला असतो. म्हणजे वीस-पंचवीस मीटर वायर. पॅसिव्ह बासच्या पिकअपमधून, म्हणजे तारांखालच्या चुंबकातून, येणारा सिग्नल नाजूक असतो, इंपिडन्स (विजेच्या वाटेतला अडथळा) जास्त असतो. तो एवढ्या लांब साध्या वायरीतून गेला की दोन गोष्टी होतात. वाटेतल्या लाइटच्या वायरी, डिमर, जनरेटर यांची सगळी घाण तो गोळा करत जातो, हा झाला तुझा हम. आणि वायर जितकी लांब तितका वरचा, म्हणजे बोटाचा, तारेचा, सुरुवातीच्या ‘टक्’चा आवाज गळत जातो. मिक्सरपर्यंत पोचतो तो नुसता गोळा. साउंडवाल्याला घुमणारा ढुमढुम ऐकू येतो, स्वर येत नाही. तो ‘कमी कर’ म्हणाला तर त्याचं काय चुकलं?

यावर उपाय म्हणजे डीआय बॉक्स. चहाच्या पुड्याएवढी लोखंडी डबी. तुझा बास त्यात साध्या जॅकनं जातो आणि पलीकडून माइकच्या तीन पिनच्या वायरनं बाहेर पडतो, बॅलन्स्ड (वाटेतली घाण रद्द होईल असा) आणि कमी इंपिडन्सचा. मग ती वायर पन्नास मीटर गेली तरी चालते. पुस्तकी उत्तर असं, की पॅसिव्ह बासला ॲक्टिव्ह डीआय चांगला, कारण पॅसिव्ह डीआय पिकअपवर थोडा भार टाकतो आणि वरचा आवाज किंचित खातो. ते खरंच आहे. तरी मांडवासाठी मी तुला आत ट्रान्सफॉर्मर असलेला पॅसिव्हच घे म्हणेन. ॲक्टिव्हला बॅटरी लागते नाहीतर मिक्सरवरून 48 व्होल्टची फँटम पॉवर, आणि भर कार्यक्रमात कोणी ते बटण बंद केलं की तू मेलास. पॅसिव्हला काहीच लागत नाही. दोन-अडीच हजारांत बरा मिळतो. घेताना एवढंच बघ, की त्यावर ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण आहे.

ते बटण कशाला, ते सांगतो. हम एकाच जातीचा नसतो. साउंड चेकला बासचा आवाज चालू ठेव, तारांना हात लाव आणि काढ. हात लावल्यावर हम कमी होत असेल तर बासच्या आतलं शिल्डिंग, म्हणजे बाहेरची घाण अडवणारं आवरण, कच्चं आहे. जुन्या सिंगल कॉइल पिकअपला हे थोडं चालायचंच. हात लावून-काढून काहीच फरक पडत नाही, एकसारखं घूंऽऽ चालू आहे, आणि त्या दिवशी तू ऑर्केस्ट्राच्या ॲम्पमधून मिक्सरला लाइन दिली आहेस, तर तो बहुतेक ग्राउंड लूप. ॲम्प एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, आणि दोघांच्या अर्थिंगची तुझ्या वायरीतून गाठ पडलेली. अशा वेळी लिफ्टचं बटण दाबलंस की एकदम शांत. गंमत म्हणून करून बघ: आपली वीज 50 हर्ट्झची, आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी 49 हर्ट्झचा. हम चालू असताना तो जी वाजवलास तर सेकंदाला साधारण एक, अशा लाटा कानाला लागतात. पांढरी पाचचं गाणं आलं की मंडपवाल्याचा हम तुला सा देतो, पण जरा चढा.

तिसरा प्रकार गमतीचा नाही. हात लावल्यावर हम वाढला किंवा बोटांना झिणझिण्या आल्या तर बास खाली ठेव आणि वायरमनला बोलाव. मांडवात अर्थिंग म्हणजे पुष्कळदा नावाला मातीत खुपसलेली सळई, तीही कोरड्या मातीत. तुझा बास एका अर्थिंगवर आणि कोरसचा माइक दुसऱ्या, अशा वेळी हातात तारा आणि ओठ माइकच्या जाळीला लागले की झटका बसतो. मला बसलाय. खालचा ओठ दोन दिवस बधीर होता आणि त्यानंतर मी कोरस गायचं सोडलं (ऑर्केस्ट्रानं सुटकेचा नि:श्वास टाकला). खिशात साधा टेस्टर ठेव आणि वाजवायच्या आधी माइकच्या जाळीला लावून बघ. लुकलुकला तर हात लावायचा नाही. नाही लुकलुकला म्हणजे सगळं आलबेल असंही समजू नकोस, म्हणून एका हातात माइक असताना दुसऱ्या हातानं बासच्या तारा धरू नकोस. आणि हम घालवायला प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे बहाद्दर भेटतील. त्यांचं ऐकायचं नाही.

डीआयबरोबर स्वतःची वायर घे. सहा मीटरची, बऱ्यापैकी जॅक असलेली. आणि एक जादा, तेवढ्याच लांबीची, कायम बॅगेत. प्रोग्राम संपल्यावर वायर हात आणि कोपराभोवती गुंडाळायची सवय असेल तर ती मोड. आतली तांब्याची तार पिळत जाते आणि सहा महिन्यांत जॅकच्या तोंडाशी तुटते. वायरीच्या मूळच्या वळणानं, सैल वेटोळं करत गुंडाळ. वाजवताना वायर आधी बासच्या पट्ट्यातून ओवून मग जॅकमध्ये घाल. कुणाचा पाय पडला तरी ओढ पट्ट्यावर येते. शिवाय बासच्या सॉकेटची नट हलतेय का बघ. नुसती बाहेरून पान्यानं फिरवलीस तर आतलं सॉकेटही गरगर फिरतं आणि सोल्डर निघतं. प्लेट उघडून सॉकेट आतून धरायचं आणि मग नट आवळायची. जुन्या बासचा ‘खर्र’ आवाज निम्म्या वेळा एवढ्यानंच जातो.

आता ॲम्प. 300 वॅट म्हटलं की छाती फुगते, पण हिशोब कर. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो तीन डेसिबल, म्हणजे ‘जरा वाढला वाटतं’ इतपत. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यात मांडवात लोकांना आवाज पोचतो तो साउंडवाल्याच्या बॉक्समधून. तुझा ॲम्प स्टेजवर गरजायला लागला की तो पहिलं काय करेल? मिक्सरवरचा तुझा फेडर खाली ओढेल. म्हणजे पैसे खर्चून तू लोकांना आणखी कमी ऐकू येशील. आणि तो ॲम्प दुचाकीवर कोण नेणार?

तुला स्वतःचा बास ऐकू येत नाही, याचं कारण वेगळंच आहे. ई तारेचा मोकळा स्वर 41 हर्ट्झचा, त्याची एक लाट आठ मीटरहून लांब. सबवूफर स्टेजच्या पुढे खाली ठेवलेले आणि तू त्यांच्या मागे उभा. तुझ्यापर्यंत नुसती धडधड येते. स्वर ओळखायला त्या धडधडीच्या वरचा आवाज लागतो, दोनशे ते आठशे हर्ट्झच्या पट्ट्यातला, आणि तो येतो स्पीकरच्या समोर. म्हणून घरचा तो 15 वॅटचा ॲम्प प्रोग्रामला ने. जमिनीवर ठेवलास तर तो तुझ्या गुडघ्यांना ऐकू येईल. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरही नको, ती तासाभरात सरकत सरकत कडेला येते. वायरींची लोखंडी पेटी उभी कर, तिच्यावर ॲम्प, पुढच्या कडेखाली एक चपटा दगड किंवा लाकडाचा तुकडा, म्हणजे स्पीकर तुझ्या कानाकडे वर बघेल. बेसची घुंडी निम्म्याच्या खाली, मिडल वर. जवळून ऐकलास तर आवाज कोरडा, नाकातला वाटेल. घाबरू नकोस. ढोलक आणि ऑक्टोपॅड सुरू झाले की त्यातूनच तुला स्वर सापडेल. फक्त हा ॲम्प आणि डीआय दोन्ही लावायचं तर डीआयवरचं दुसरं सॉकेट, ‘थ्रू’ किंवा ‘लिंक’ लिहिलेलं, त्यातून ॲम्पला वायर ने.

पाच तारांबद्दल मात्र मी तुला वेड्यात काढणार नाही. आपल्याकडे गाणी पट्टीत चालतात. पुरुष गायक काळी एक, काळी दोनमध्ये आरामात गातो. काळी दोन म्हणजे डी शार्प. चार तारांच्या बासचा सगळ्यात खालचा स्वर ई, म्हणजे काळी दोनचा खर्जातला सा अगदी अर्ध्या स्वरानं हुकतो! मग तो ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर, वरच्या सप्तकात घ्यावा लागतो. पाच तारांवर तोच सा खालच्या बी तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो, काळी एकचा दुसऱ्यावर. त्याहून मोठा फायदा म्हणजे पाहुणी गायिका ऐनवेळी ‘दादा, एक पट्टी उतरा’ म्हणाली की हात फार न हलवता तोच आकार खाली सरकतो. तेव्हा पाच तार पुढे घेच. पण 39 हर्ट्झचा तो सा पेलणारा सब किती मंडपवाल्यांकडे असतो, तेही विचार. आणि आजच्या वायरीतून पाचवी तारही गोळाच होऊन पोचणार. आधी रस्ता दुरुस्त कर, मग गाडी बदल.

तोवर जुन्याचा सेटअप करून घे. सांगलीच्या कोरड्या उन्हाळ्यात नीट असलेली मान कोकणातल्या पावसाळी प्रोग्रामला हलते, ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, वरखाली होते, तारा फ्रेटवर खडखडतात. मानेतला ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ ठेवणारी सळई, पाव आट्यापेक्षा जास्त एका वेळी फिरवायचा नाही, आणि पहिल्यांदा तर स्वतः हात घालूच नकोस, जाणकाराकडून करून घे. पंधराशे-दोन हजारांत जुना बास असा वाजायला लागतो, की नवा घ्यायची तुझी घाई आपोआप थोडी कमी होईल. तारा दर प्रोग्रामनंतर कोरड्या फडक्यानं, खालूनसुद्धा पूस. घामानं त्या आठवड्यात मरतात. मेलेल्या तारा पाण्यात उकळल्या की दोन-तीन प्रोग्राम पुन्हा चमकतात, ही जुनी युक्ती खरी आहे. फक्त त्यासाठी घरातलं दुधाचं पातेलं वापरू नये. हे मी अनुभवानं सांगतोय. आणि चमकच नको असेल तर फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून गुळगुळीत, तारा लाव. अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बासवाला जेम्स जेमर्सन त्या तुटल्याशिवाय बदलत नसे म्हणतात, आणि त्याच्या बासवर जगानं नाच केला.

खांद्याचं दुखणं अंगावर काढू नकोस. बासचं वजन चार किलोच्या घरात, त्यात ऑर्केस्ट्रावाले देतात तो दोन इंचांचा नायलॉनचा पट्टा. तो खांद्यात रुततो. साडेतीन-चार इंचांचा रुंद, आत जाड अस्तर असलेला पट्टा घे. बास फार खाली लटकवून हिरोगिरी करू नकोस. डावं मनगट वाकडं राहतं आणि कळ तिथून वर चढते. निवेदकाची शेरोशायरी सुरू झाली की सरळ स्टुलावर बस, कोणी काही म्हणत नाही. पण बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा आला तर पट्ट्यावर भागवू नकोस, डॉक्टरकडे जा. खांद्यासारखेच कानही. शंभर डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटांच्या पुढे राहू नये, असं अमेरिकेतल्या निऑश या संस्थेचं मापन सांगतं. 85 डेसिबलला आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. तुझ्या डाव्या हाताला ड्रमची झांज असेल, तर पहिल्या दोन गाण्यांतच तुझा दिवसाचा कोटा संपतो. वादकांसाठीचे इअरप्लग येतात, सगळा आवाज सारखा उतरवणारे. कापूस किंवा स्पंजचे घालू नकोस, ते वरचा आवाज खातात आणि बासची धडधड तशीच सोडतात.

पैशांचं थोडक्यात. सुपारी मालकाला येते, पाकीट तुला, आणि मधे काय होतं ते विचारायची आपल्याला लाज वाटते. प्रोग्राम ठरला की व्हॉट्सॲपवर एक ओळ टाक: तारीख, रक्कम, जाण्यायेण्याचं कोण बघणार, जेवण आहे का. भांडण नको, एक ओळ पुरे. ‘दहाला तर माइक बंद होतो’ असं सांगून कोणी पैसे कमी करेल. कायद्यानं रात्री दहाला लाउडस्पीकर बंद हे खरं, सणांच्या ठरावीक दिवशीच बारापर्यंत सूट मिळते. पण तू दुपारी चारला पोचलेला असतोस आणि वायरी गुंडाळून निघेपर्यंत एक वाजतो. तेवढे तास मोज.

आता वहिनींचा प्रश्न, सगळ्यात अवघड. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात बास वाजवणारे टोनी वाझ, रेहमानच्या गाण्यांत बास धरणारा कीथ पीटर्स, ही नावं आपल्या गल्लीत कोण सांगेल? अलीकडे मुंबईच्या मोहिनी डेमुळे पोरं निदान बासवाल्याकडे वळून बघतात. पण वहिनींना एवढ्यानं पटणार नाही, म्हणून एक घडलेलं सांगतो. चिपळूणकडच्या एका जत्रेत दुसऱ्या कडव्याला माझी वायर मेली. जादा वायर नव्हती, म्हणून तर तुला घे म्हणतोय. मी अंधारात जॅक चाचपतोय, आणि ढोलकवाला मान वळवून माझ्याकडे बघतोय. समोर कोणी ‘बास गेला’ म्हणालं नाही. नाचणारी पोरं मात्र हळूहळू उभी राहिली, एक-दोघं भेळेच्या गाडीकडे वळली. गाणं संपल्यावर गायक तणतणत आत आला आणि ऑक्टोपॅडवाल्यावर ओरडला, “लय का पाडलीस रे?” त्या बिचाऱ्यानं काहीच पाडलं नव्हतं. मी गप्प बसलो. नंतर त्याला भजी खायला घातली. वहिनींना पुढच्या प्रोग्रामला घेऊन जा, मधेच एका गाण्यात चार ओळी बास थांबव आणि त्यांना लोकांचे पाय बघायला सांग. ढोलकवाल्याला आधी कल्पना दे मात्र.

तर डीआय, दोन वायरी, पट्टा, सेटअप, तारांचा एक नवा संच, इअरप्लग, आणि पायानं दाबायचा ट्यूनर. क्लिपवाला ट्यूनर खालच्या तारेला आणि मांडवातल्या धडधडीला गोंधळतो, शिवाय पायातला दाबला की आवाज बंद होतो आणि जॅक काढताना लोकांच्या कानात धप्प होत नाही. हे सगळं पंधरा हजारांच्या आसपास बसेल. उरलेले पंचेचाळीस पतसंस्थेतच राहू देत. दिवाळीनंतर, हंगाम संपला की ऑर्केस्ट्रावाले जुनी वाद्यं विकायला काढतात, तेव्हा पाच तारांचा सेकंडहँड बघ. विकत घेण्याआधी पाचवी तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघ, मान सरळ आहे का ते टोकाकडून डोळा लावून बघ, आणि तो ॲक्टिव्ह असेल तर घरी आल्यावर जॅक काढून ठेव, नाहीतर आतली 9 व्होल्टची बॅटरी रात्रभर जळत राहते.

आणि डीआय आणलास की त्याच दिवशी ऑइलपेंटनं त्यावर ठळक नाव लिही, चारी बाजूंनी. माझे दोन डीआय पहिल्याच महिन्यात साउंडवाल्यांच्या पेटीत गेले. तिसऱ्यावर सौ.नं भगव्या रंगात तिचं स्वतःचं नाव लिहिलं. तो अजून आहे.